राठोड मॅडमची जोडणी

कोणी माझ्यासमोर ‘ऑपरेटरची चूक’ असं म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. यंत्र बंद पडलं, ऑपरेटरची चूक. पावती उलटी निघाली, ऑपरेटरची चूक. अरे बाप्पा, मग तुम्ही एवढे शिकलेले लोक खुर्चीत बसून वर्षभर काय करत होता? हे मी तावातावानं बोलतो खरा, पण हेच दोन शब्द मी एकदा माझ्या हातानं कागदावर लिहिले आहेत आणि खाली सही ठोकली आहे. ते शब्द मागे घ्यायला लावायला एक बाई उभी राहिली. ललिता राठोड. ऑफिसात सगळे त्यांना राठोड मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणायचो, जरी त्या माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान होत्या.

आमचं ऑफिस यवतमाळला दारव्हा रोडवर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या येतात, त्या कापसात ओलावा किती हे सांगणारं यंत्र आम्ही बनवायचो. कापसात सळई खुपसायची, पडद्यावर आकडा येतो. आकडा बाराच्या वर गेला की गाडी परत. मी फिरतीवरचा माणूस. यंत्र बसवायचं, तिथल्या माणसाला शिकवायचं, तक्रार आली की एसटी पकडून धावायचं. यंत्राच्या आत जे चालतं ते राठोड मॅडमचं.

त्या दिग्रस-पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यावरच्या. पहिल्या दिवशी आमचे सर, म्हणजे मालक, सगळ्यांसमोर म्हणाले, “राठोड म्हणजे बंजारा ना? म्हणजे इकडचं ओझं तिकडे नेण्यात तुमचा हातखंडा!” आणि स्वतःच हसले. मालक हसले म्हणून आम्हीही दात काढले. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, “हाव सर. मीठ नेत होते आमचे लोक. पन गोनी कोनाची, कोठून उचलली, हे इचारल्याबिगर बैलावर चढवत नव्हते. तुमच्याइथं इचारतात का?”

इथं कोणी विचारत नव्हतं, हे त्यांना आठ दिवसांत कळलं.

आमच्या यंत्रातलं सॉफ्टवेअर म्हणजे तीन घरची माणसं एका पंगतीत बसवण्याचा प्रकार होता. ओलाव्याचं गणित एका निवृत्त प्राध्यापकांनी फार पूर्वी फोर्ट्रान नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेलं. सळईशी बोलणारा भाग मॅडमनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला. आणि पडद्यावर आकडा दाखवणारा भागही सी प्लस प्लसमध्येच, पण तो सरांनी पुण्याच्या एका टोळक्याकडून करून घेतलेला. हे तीन तुकडे शेवटी जोडून एक करायचे. मॅडमचं खरं काम ही जोडणी.

कोणताही तुकडा हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कोन्या घरचं?” मला वाटायचं बाई गंमत करतात. एकदा चहा घेताना मी विचारलंच, की भाषा एकच आहे ना, मग घर कसलं? त्यांनी चपला टेबलाखाली सारल्या, खुर्चीवर मांडी घातली (समजावून सांगायचं असलं की त्यांना मांडीच लागायची) आणि माझा डबा पुढे ओढला.

“भाऊ, सी प्लस प्लस लिवनारा नाव कसं ठेवाव, यादी कशी ठेवाव, हे सगळं सोताच्या डोक्यानं नाई करत. त्याले तयार भांडेकुंडे भेटते. त्याले म्हनतात स्टँडर्ड लायब्ररी. पन अशा लायब्रऱ्या दोन हायेत. काम एकच, मांडनी अलग. एकीत नाव ठेवाले चोवीस खाने, दुसरीत बत्तीस. तुकडा बनवताना एक फ्लॅग द्या लागते, की बाबा, मी अमकीच वापरून राह्यलो. जोडताना पुन्हा तोच फ्लॅग. आपली जोडनी फोर्ट्रानच्या हातून होते, त्याले तर यातलं काहीच ठाव नाई. आपन सांगाव तेच तो घेते.”

“आणि नाही जुळलं तर?”

“नाई जुळलं तर मी चोवीस खाने मोजून पुढची वस्तू ठेवली आन् तुमी बत्तीस मोजून हात घातला. तुमच्या हाताले काय लागन? भलतंच.”

मला तेवढं कळलं. सरांना ते कधीच कळलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

मॅडमनी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर प्रत्येक तुकड्याचं नाव, तो कोणी बनवला, कोणत्या लायब्ररीवर बनवला, कोणते फ्लॅग दिले, आणि शेवटी बनवणाऱ्याची सही. सही नसलेला तुकडा त्या जोडायच्याच नाहीत. सर म्हणायचे, “मॅडम, हे काय तलाठ्याचं ऑफिस आहे का?” मॅडम पेन पुढे करायच्या.

‘चालते ना’ या शब्दाचा त्यांना इतका राग, की विचारू नका. आणि आपल्याकडे तर उठता-बसता तोच शब्द. कोणी म्हणालं, “मॅडम, चालते ना असंच,” की त्या चष्म्यावरून बघायच्या. “चालते म्हंजे कोठवर चालते? इथल्या लोहाऱ्यापर्यंत का थेट पुसदपर्यंत?” एकदा मी घाईत सुट्या वायरला नुसती चिकटपट्टी गुंडाळली आणि तोंडातून तेच निघालं. त्यांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं, वायर नीट जोडली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, “त्या गाडीवाल्याच्या जागी सोताले ठेवत जा भाऊ.” बस, एवढंच.

पुण्याचा पडद्याचा तुकडा पहिल्यांदा आला त्या दिवशीची गोष्ट. मॅडमनी जोडायला घेतला आणि संगणकावर लाल ओळींचा पूर आला. दीडशे-दोनशे तरी असतील. सर धावत आले. “बंद करा, बंद करा ते! काय केलंत?” मॅडम मात्र सुपारी चघळत मजेत बसलेल्या. “सर, हे ओरडून राह्यलं ते बेस हाये. मुकाट जुळलं असतं तं आपन गेलतो.”

मग त्यांनी पुण्याला फोन लावला. बोलणं अस्सल वऱ्हाडी, पुण्याच्या माणसासाठी एक अक्षर बदललं नाही. “दादा, तुमी दुसऱ्या लायब्ररीवर बनवलं. आमचा भाग एकीवर, तुमचा दुसरीवर. फ्लॅग बदलून पुन्हा बनवून द्या.” पलीकडचा म्हणाला, “मॅम, छोटासा फ्लॅग तर आहे. तुमचंच बदला ना.” मॅडम म्हणाल्या, “दाराची कडी बी छोटीच असते दादा. फ्लॅग लावून, सही करून पाठवा.” आणि फोन ठेवला. पुण्याचा माणूस नंतर सरांकडे रडला, की तुमच्या गावाकडच्या बाईंना बोलायची पद्धत नाही. सरांनी ते मॅडमला ऐकवलं. ऐकवायचं कशाला? पण ऐकवलं, तेही चारचौघांत.

पुण्याहून दुरुस्त तुकडा काही आला नाही. दिवस गेले, कापूस निघाला, जिनिंगवाल्यांचे फोन सुरू झाले. तेवढ्यात मॅडमच्या चुलतभावाचं लग्न आलं. आठ दिवसांची सुट्टी. जाताना त्यांनी भिंतीवरच्या कागदावर जाड अक्षरात लिहिलं: पुण्याचा तुकडा जोडू नये, मी आल्यावर पाहीन. खाली सही.

त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सर स्वतः त्या संगणकावर बसले. पुन्हा लाल ओळी. सर म्हणाले, “एक लायब्ररी दिली तर दुसरी नाही म्हणून रडतंय ना? मग दोन्ही द्या! कोणती ना कोणती लागेलच.” दिल्या दोन्ही. लाल ओळी गायब. सरांनी टेबलावर हात आपटला. “बघा! दोन महिने बाईनं घोळ घातला, मी दहा मिनिटांत केलं.” आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण.

नवं यंत्र घेऊन मी दिग्रसला एका जिनिंगमध्ये गेलो. तिथं ओलावा बघायचं काम देवराव आत्रामकडे. झरी जामणीकडचा माणूस, त्या जिनिंगमध्ये वीस वर्षं काढलेला. यंत्र येण्याआधी तो सरकी दाताखाली धरून सांगायचा. कट्ट वाजली की वाळलेली, दबली की ओली. यंत्राशी त्याचं भांडण नव्हतं. उलट सळई रोज फडक्यानं पुसून ठेवायचा.

थंडीचे दिवस. सकाळी आठला पहिली गाडी लागली. सळई खुपसली, पडद्यावर अकरा. देवरावनं सवयीनं सरकी चावली आणि मान हलवली. “भाऊ, अकरा नसन. आठाच्या वर नाई हा कापूस.” मी हसून म्हणालो, “काका, दातापेक्षा मशीन बरी.” हे मी म्हणालो. मीच.

दहा वाजता आकडा अठरा. बाराला अठ्ठावीस. एकामागून एक गाड्या परत. लोक काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. एक जण ओरडला, “मशीनले काय पानी पाजलं का बे?” दुसऱ्या दिवशीही तेच: सकाळी ठीक, दुपारी पूर. तिसऱ्या दिवशी देवरावला राहवलं नाही. समोरचा कापूस कडकडीत वाळलेला, माणूस दोन दिवस रांगेत उभा, आणि पडदा म्हणतो एकोणतीस. त्यानं चिठ्ठीवर स्वतःचा आकडा लिहिला. आठ. नऊ. मॅनेजरनं ते पकडलं.

भर आवारात, सगळ्या गाडीवाल्यांसमोर, वीस वर्षांच्या माणसाला त्यानं चोर केलं. गाडीवाल्यांना सामील आहे म्हणाला, मशीनचे आकडे खोटे करतो म्हणाला, आणि तिथंच कामावरून काढलं. देवराव दोनदा म्हणाला, “साहेब, मी खोटं नाई लिवलं.” तिसऱ्यांदा त्याला बोलूच दिलं नाही.

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “आपलं यंत्र तपासून पाठवलंय. तू रिपोर्ट लिही, ऑपरेटरची चूक. विषय संपव.” मी म्हणालो, “पण सर...” सर म्हणाले, “पण काय?” मी कागद पुढे ओढला. लिहिलं. सही केली. मॅनेजरनं तो कागद देवरावच्या नाकासमोर धरला.

लग्नाला आलेल्या एका पाहुण्याची गाडी त्याच जिनिंगमधून परत गेली होती. त्यानं तांड्यावर जेवता जेवता सांगितलं, की मशीन सकाळी अकरा म्हणते अन् दुपारी अठ्ठावीस. मॅडमनी हातातली ताटली खाली ठेवली आणि याडीला, म्हणजे आईला, सांगून तशाच निघाल्या. चौथ्या दिवशी दहाच्या सुमारास आवारात आल्या तेव्हा हातावरची मेंदी ओली नसली तरी लालभडक होती.

त्यांनी मला काही विचारलं नाही. गेटबाहेर देवराव बसला होता, त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या. “काका, आकडा कसा कसा वाढला?” देवराव म्हणाला, “उन्हासंगं वाढते बाई. ढग आला का उतरते.” मॅडम उठल्या. एक मूठ कापूस घेतला, सावलीत सळई लावली: सतरा. तोच कापूस, तीच सळई, उन्हात पाच मिनिटं: चोवीस. मग मॅनेजरच्या खोलीतला भिंतीवरचा तापमापक काढून आणला आणि यंत्राशेजारी उन्हात ठेवला. थोड्या वेळानं दोन्हीकडे एकच आकडा. सव्वीस.

“हा ओलावा नाई,” मॅडम म्हणाल्या. “हे तपमान हाये.”

गणिताला तपमान लागतं, म्हणून सळई तेही मोजते. मॅडमच्या तुकड्यात गाडीवाल्याचं नाव, मग ओलावा, मग तपमान, असे एकापुढे एक ठेवलेले. मॅडमनी नावाला चोवीस खाने मोजले. पुण्याच्या तुकड्यानं बत्तीस मोजले, ओलाव्याला ओलांडून तपमानावर हात ठेवला आणि तेच पडद्यावर दाखवलं. सकाळच्या थंडीत ते अकरा होतं म्हणून कोणाला शंका आली नाही. शंका आली ती एकट्या देवरावला, आणि त्याला मी हसलो.

“दोन्ही लायब्रऱ्या कोनं टाकल्या?” मॅडमनी विचारलं. मी सांगितलं. “आन् चूक कोनाची लिवली?” त्यांनी माझा रिपोर्ट मॅनेजरकडून मागून वाचला. मला वाटलं आता शिव्या देतील. त्या एवढंच म्हणाल्या, “अक्षर चांगलं हाये तुमचं.” त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मॅडमनी सरांना फोन लावला. स्पीकरवर. सर म्हणाले, “ठीक आहे, दुरुस्त करून टाका. बोभाटा करू नका. तो माणूस तसाही म्हातारा झालाय.” मॅडमनी मोबाइल तोंडाजवळ धरला. “सर, आमच्या तांड्यात कोनावर आळ आला तं नसाब, म्हंजे पंचायत, बसते. तांड्याचा नायक असते, सगळे असतात. ज्यानं आळ घेतला त्याले सगळ्यायसमोर बोलाव लागते. घरात बसून माफी नाई चालत. काकाले आवारात चोर म्हनलं, आता आवारातच सांगाव लागन का चूक आपली होती.” सर म्हणाले, “तुम्ही काही सांगणार नाही. हा माझा हुकूम आहे.” मॅडमनी फोन बंद केला.

तासाभरात त्यांनी तिथंच लॅपटॉपवर पडद्याचा तुकडा, आकडा दाखवण्यापुरता का होईना, स्वतः नव्यानं लिहिला, जोडला, यंत्रात घातला. भरदुपारी पडद्यावर आठ. मग एका गाडीच्या चाकावर पाय देऊन त्या वर चढल्या, कापसावर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं बोलल्या. गाडीवाले जमले, मॅनेजर दारात आला. “चार दिवस तुमच्या गाड्या परत गेल्या, ते मशीनमुळं. मशीन आमची. बनवनारी मी. मी सुट्टीवर गेली, कुलूप लावून नाई गेली, ते माझं चुकलं. या देवरावकाकानं जे आकडे लिवले, तेच खरे होते. त्यायनं एकबी खोटा आकडा नाई लिवला.”

मी खाली उभा राहून तडफडत होतो. काहून? काहून त्या स्वतःचं नाव घेत होत्या? चूक सरांची, घाई सरांची, सही माझी. माझ्या जिभेवर आलं होतं. आवारात पन्नासेक माणसं होती, मॅनेजर समोर होता, एक वाक्य बोलायचं होतं. मी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

मॅनेजरनं लोकांसमोर तोंड भरून सांगितलं, की देवरावला परत घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा मेसेज अर्ध्या तासात आला: उद्यापासून येऊ नका. त्यात कारणही दिलं होतं, की मॅडमनी सर्वांसमोर स्वतःची चूक मान्य केली आहे. वा रे न्याय! मॅडमनी तो वाचला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. “लग्नाचं जेवन चुकलं माझं,” म्हणाल्या.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पुसदची गाडी लागली होती. त्या खिडकीशी बसल्या. मी खाली उभा, उसाच्या रसाच्या चरकाकडे बघत. तेवढ्यात देवराव घाईघाईनं आला. धापा टाकत होता. हातात कागदात बांधलेले पेढे.

मॅडमनी खिडकीतून घेतले. “काका, लागले ना कामावर?”

“लागलो बाई. तुमच्यानं लागलो.”

“मशीनवर?”

देवरावनं डोक्यावरची टोपी सारखी केली. “नाई बाई. गेटवर. मॅनेजरसाहेब म्हने, आता मशीनजवय नको, लोकायले शक राहते. गेटवर राहा, तेवढेच पाय मोकळे. चालते ना बाई. भाकर तं सुटली नाई.”

गाडी सुरू झाली होती. कंडक्टरनं दार ओढलं. मॅडम उठल्या. सीटवरची पिशवी उचलली, दोन माणसांच्या मधून वाट काढली आणि दार उघडायला लावलं.

“बाई, पुसद ना? बसा ना!” कंडक्टर ओरडला.

“नंतरच्यानं जाईन,” म्हणत त्या उतरल्या. देवरावच्या दंडाला धरलं. “चला काका.”

“राहू द्या बाई, कायले...”

“चला म्हनते ना.”

स्टँडच्या फाटकातून ती दोघं बाहेर पडली. भर उन्हात जिनिंगच्या रस्त्याला लागली. पुढं मॅडम, तरातरा, एका हातात पिशवी आणि पेढे, दुसऱ्या हातानं त्या वयस्क माणसाला ओढत. एकदा वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलावलं नाही, नुसतं बघितलं, थोडं थांबल्या, मग गेल्या. राठोड मॅडमना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

मी का गेलो नाही, असं लोक विचारत नाहीत, कारण हे मी कोणाला सांगितलेलंच नाही. त्या थांबल्या होत्या तेव्हा यवतमाळची गाडी लागत होती, आणि माझ्या मनात आलं की सर विचारतील, तू तिथं काय करत होतास. मी गाडीत चढलो आणि जागा धरली.